आबांच्या तोफेवरची रीत

माझे सासरे दुसऱ्या महायुद्धात तीन वर्षं समुद्रकाठच्या एका तोफेवर होते आणि त्या तीन वर्षांत त्यांनी शत्रूवर एकही गोळा टाकला नाही. हे मी आधीच सांगून टाकते. आमच्या गावात ही गोष्ट लहानथोरांना पाठ आहे, तेव्हा दुसऱ्या कोणी दात काढत सांगण्यापेक्षा मी सांगितलेली बरी. गावात नवा पाहुणा आला की कोणीतरी मुद्दाम विचारायचं, "आबा, लढाईत किती मारले?" आबा म्हणायचे, "एक बी नाही." "मंग तीन वर्सं काय केलं?" "राखन केली." लोक हसायचे. आबाही हसायचे, पण जरा उशिरा, कारण त्यांचा उजवा कान तोफेच्या सरावात कायमचा गेला होता.

मी त्या घरात सून म्हणून आले ती ऐंशीच्या दशकातली पहिली वर्षं. माहेर फैजपूरकडचं, केळीच्या बागांतलं. सासर जामनेरच्या अलीकडे, कपाशी आणि ज्वारीचं. आमच्याकडे माती इतकी खोल की विहीर खणताना काठ ढासळायची भीती. इकडे पुरुषभर खाली गेलं की काळा दगड. पण दगडाचं मला काही वाटलं नाही. मला वैताग आला तो आबांच्या शिस्तीचा. आबांनी काही सांगितलं की ऐकणाऱ्याने ते परत बोलून दाखवायचं. "मीठ आन." "मीठ आनते." "बैलाले पानी दाखव." "बैलाले पानी दाखवतो." नुसतं "हो" चालायचं नाही. हो म्हणणारा माणूस काय ऐकून हो म्हणाला, हे देवालाही कळत नाही, असं आबांचं म्हणणं.

माझा स्वभाव तापट. आता निवला आहे असं लोक म्हणतात, म्हणजे माझ्या तोंडावर म्हणतात. पहिल्याच आठवड्यात मी सासूबाईंना विचारलं, "आई, हे घर हाये का पलटन?" त्या चुलीत फुंकर घालत म्हणाल्या, "मी तं तीस वर्सांपासून पलटनीतच हाये बाई. पगार तेवढा नाही भेटला." त्या दिवसापासून सासूबाईंचं आणि माझं जमलं.

लढाईच्या गोष्टी आबा क्वचित सांगायचे, आणि सांगितल्याच तर ताटावर. जेवता जेवता हात थांबायचा. मग ताटाच्या कडेने कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचे तुकडे गोल मांडायचे. ही बेटं. मधे डाळ ओतायची. हे पाणी, चहूकडून बेटांनी अडवलेलं, म्हणून बाहेर समुद्र खवळला तरी आत शांत. त्यात शेंगदाणे सोडायचे. ही लढाऊ जहाजं, नांगर टाकून विसाव्याला आलेली. मग दोन तुकड्यांमधली फट दाखवायची. जहाजांनी आत-बाहेर करायचा रस्ता तेवढाच. आणि त्या फटीच्या दोन्ही अंगांना कांद्याची एकेक पाकळी. या तोफा. यातल्या डाव्या पाकळीजवळ आमचे आबा. एवढं मांडून झालं की ते सगळं कालवून खायचे, आणि सासूबाई म्हणायच्या, "बुडवलं का बठ्ठं?" बठ्ठं म्हणजे सगळं.

त्या बेटाचं नाव काय, हे आबांना सांगता यायचं नाही. पत्रात लिहायची बंदी होती आणि साहेब लोक नुसत्या एका इंग्रजी अक्षराने त्याचा उल्लेख करायचे. मुंबईहून बोटीने बरेच दिवस, एवढंच त्यांना ठाऊक. जळगावला भरतीवाले आले तेव्हा आबा बाविशीतले होते आणि पुरातली तापी हे त्यांनी पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी. बोटीवर आठ दिवस ओकत होते, हे ते स्वतःच सांगायचे. बेटावर नारळ, ऊन आणि ताप. खाऱ्या वाऱ्याने लोखंड बघता बघता तांबडं पडायचं, म्हणून तोफ सकाळ-संध्याकाळ तेलाने पुसायची. समोर डोळा जाईल तिथवर पाणी, आणि प्यायचं पाणी मात्र टाक्यांत साठवलेलं पावसाचं, तेही मोजून.

कामही सांगण्यासारखं नव्हतं. प्रत्येक येणाऱ्या जहाजाने त्या दिवशीची ठरलेली खूण दाखवायची. ती दिसेपर्यंत तोफेचं तोंड जहाजावर. खूण पटली की तोंड बाजूला. संध्याकाळी आत आलेली जहाजं मोजायची, जशी आपण गोठ्यात आलेली गुरं मोजतो. "एकेका जहाजावर हजार हजार पोरं," आबा सांगायचे. "कोन कुठलं, कोन कुठलं. ते झोपले पायजे म्हनून आमी जागे." शत्रू आलाच नाही. मला सुरुवातीला गावासारखंच वाटलं की यात सांगण्यासारखं काय आहे. पण शेतात राखणीला बसलेला माणूस आणि रात्रभर न आलेला चोर, यात राखणदाराची काय चूक, हे आमच्या घरी कोणाला समजवावं लागू नये.

तोफेवरची आणखी एक रीत आबांनी घरात आणली होती, आणि ती मात्र मी आधी कुठे पाहिली नव्हती. एका तोफेवर आठ-दहा माणसं. एक नेम धरणारा, एक गोळा भरणारा, एक दारू भरणारा, आणि सगळ्यांत खालचा म्हणजे ओल्या बोळ्याने तोफेची नळी आतून पुसणारा. हुकूम वरून खाली यायचा, खालून वर कधीच नाही. फक्त एक हुकूम असा होता की तो कोणीही द्यावा. "थांब." काही चुकतंय असं ज्याला दिसेल त्याने ओरडायचं, आणि तोफ थांबलीच पाहिजे. का ओरडला हे नंतर विचारायचं. ओरडणं चुकीचं निघालं तरी त्याला शब्दानेही बोलायचं नाही. आबा म्हणायचे, "ह्या घरात बी तसंच. ज्याले वाटलं त्यानं थांब म्हनाचं. सुनेनं बी." आमच्या भागात तेव्हा सासऱ्यासमोर सुनेचा पदर खांद्यावर आला तरी बोलणी बसायची, आणि हा सासरा सांगत होता की मला थांब म्हण. मी एकदा विचारलं की ही रीत एवढी का धरून ठेवली. आबांनी "तोफेवर तशीच व्हती" म्हणून विषय संपवला.

माझ्या लग्नाच्या वर्षी दिवाळीनंतर विहिरीचं काम निघालं. विहीर जुनी, होळीला तळ दिसायचा. केळी लावायची तर पाणी हवं, आणि पाणी होतं दगडाच्या खाली. तेव्हा सुरुंग लावून विहीर खोल करायचं ठरलं. सुरुंगवाला बाहेरगावचा होता, हातात कसब असलेला आणि जिभेला लगाम नसलेला. त्याची माणसं सकाळी तळाच्या दगडात पाच भोकं पाडायची आणि त्यांत दारूच्या कांड्या ठासायची. प्रत्येकीची वात वेगळ्या लांबीची, म्हणजे पाचही एकदम न उडता एकामागून एक उडतील आणि मोजता येतील. दुपारी जेवणाआधी तो वाती पेटवून भराभर वर यायचा, सगळे बांधामागे जाऊन बसायचे, आणि आबा डावा कान विहिरीकडे करून मोठ्याने मोजायचे. पाच झाले की धूर निवळू द्यायचा. मग एकाने शिडीने उतरून कपारीत अडकलेले सैल दगड पहारीने पाडायचे. पाचाच्या जागी चारच झाले, तर दोन तास कोणी काठाकडे फिरकायचं नाही. ओल्या दगडात वात कधी कधी विझल्यासारखी होते आणि आत धुमसत राहते.

तो आधी उतरणारा माणूस म्हणजे माझा नवरा. आबांचं म्हणणं असं की विहीर आपली, पाणी आपण पिणार, मग आधी दुसऱ्याचं पोरगं कशाला उतरवायचं? बोलणं न्यायाचं होतं आणि मला अजिबात पटलेलं नव्हतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. रोज दुपारी मी भाकऱ्या घेऊन शेतात जायची आणि रोज दुपारी नवऱ्याला त्या धुरात उतरताना बघायची. शिडीच्या कितव्या पायरीला त्याचं डोकं दिसेनासं होतं आणि खालून पहारीचा पहिला आवाज कधी येतो, हे मला पाठ झालं होतं. तेवढ्या वेळात मी देवाचं नाव घेत नसे, मी आबांवर मनातल्या मनात चिडत असे. चिडलं की भीती कमी वाटते, हा माझा अनुभव आहे.

काम सुरू होऊन आठेक दिवस झाले असतील. सुरुंगवाला वाती पेटवायला खाली उतरणार, एवढ्यात मला पलीकडच्या दादर ज्वारीच्या शेतात एक माणूस उभा दिसला. पांढरा सदरा, हात पसरलेले. दगड तिथवर सहज उडायचे. मी ओरडले, "थांबा!" आबांनी लगेच हात वर केला. काम थांबलं. दोघं जण धावत गेले आणि हसत हसत परत आले. ते बुजगावणं होतं. त्याच्या अंगातला सदरा माझ्याच नवऱ्याचा, सासूबाईंनी शेजारणीला दिलेला.

माणसं पोट धरून हसली. सुरुंगवाला म्हणाला, "वहिनी, घरधन्याचा सदरा बी वळखला नाही का?" माझ्या नवऱ्यालाही हसू आवरेना. मी शरमेने आणि रागाने लाल झाले. एकटे आबा हसले नाहीत. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "बुजगावनं निंघालं तं निंघालं. मानूस असता तं? बरं केलं बाई थांब म्हने ते." आणि सुरुंगवाल्याकडे वळून म्हणाले, "तिले बोलाचं नाही." त्यांच्यासमोर कोणी बोललं नाही. पाठीमागे माझं नाव बुजगावणी पडलं. तोफेवर हसणाऱ्यांचं काय करायचे कोण जाणे, जामनेर तालुक्यात तरी हसण्याला बंदी घालणारा अजून जन्मायचा आहे. मी ठरवून टाकलं की यापुढे समोर वाघ जरी उभा दिसला तरी आपण तोंड उघडायचं नाही.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. त्या दिवशी मी पाण्याची बादली घेऊन बांधामागे बसले होते. मला स्फोटाच्या आवाजाची भीती वाटायची. मी दोन्ही कानांत बोटं घट्ट घालायची आणि नजर कशावर तरी रोखून धरायची. त्या दिवशी नजर बादलीतल्या पाण्यावर होती. जमीन हादरली की पाणी शहारायचं आणि त्यावर बारीक वलयं उठायची. एकदा उठली, निवली. दुसऱ्यांदा उठली. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. मग पाणी स्थिर झालं आणि स्थिरच राहिलं. मी बोटं काढली तर आबांचं मोजणं संपलेलं होतं. "पाच," ते म्हणाले. "पाच," सुरुंगवाला म्हणाला. "पाच," म्हणत माझा नवरा उठला आणि त्याने पहार उचलली.

मी गप्प बसले. हे मला लिहिलंच पाहिजे. पाणी चारदा हललं होतं हे मला माहीत होतं, आणि तरी मी गप्प बसले. धूर निवळत होता. माझ्या मनात बुजगावणं उभं होतं आणि ती सगळी हसणारी तोंडं. शिवाय कानांत बोटं घातलेली बाई मोजणार काय, आणि आबांसारखा माणूस पाच म्हणत असताना? मी स्वतःला समजावत होते की माझंच एक वलय बघायचं राहिलं असेल. नवऱ्याने पहार खांद्यावर घेतली. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायरीवर ठेवला. त्याचं डोकं कधी दिसेनासं होतं ते मला पाठ होतं, म्हणून मला कळलं की आता आणखी चारच पायऱ्या आहेत.

"थांबा!"

मी इतक्या जोरात ओरडले की बांधावरचे कावळे उडाले. आबांचा हात वर गेला. "थांब रे," ते मुलाला म्हणाले. मग मला, "काय दिसलं?"

"चारच झाले आबा."

मग सुरुंगवाला हसला. "वहिनीच्या कानात तं बोटं व्हती! म्या सोताच्या डोयानं पाह्यलं."

नवरा शिडीवरूनच म्हणाला, "कानात बोटं घालून मोजले का तू?" त्याच्या आवाजात राग होता, आणि रागाखाली लाज. बायको दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर हसं करून घेत होती.

"कानानं नाही मोजले," मी म्हणाले. "पान्यानं मोजले. बादलीतलं पानी चारदा हाललं."

आबांनी बादलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता तेही समजूत घालतील. ते मुलाला म्हणाले, "वर ये."

"आबा, तुमीच तं पाच म्हटले!"

"म्हटले. वर ये."

नवरा वर आला आणि त्याने पहार इतक्या जोरात टाकली की ती दगडावर आपटून ठिणगी उडाली. आबांनी सगळ्यांना पुन्हा बांधामागे नेलं. दोन तास थांबायचं, म्हणजे दिवसाचं काम बुडालं. सुरुंगवाला विडी ओढत एका अंगाला बसला आणि आपल्या माणसांशी मला ऐकू जाईल एवढ्या हळू बोलू लागला. नवरा माझ्याकडे पाठ करून बसला. मी भाकऱ्यांचं फडकं सोडलं, चटणी वाढली, कांदे फोडले. कोणी हात लावेना. आबांनी तेवढी एक भाकरी घेतली आणि रोजच्यासारखी सावकाश खाऊ लागले. मी मनात फैजपूरच्या संध्याकाळच्या एसटीची वेळ आठवत होते. दोन तासांत काही झालं नाही तर या माणसांना परत तोंड दाखवायचं नाही, हे माझं ठरलं होतं.

नवऱ्याने शेवटी रागारागाने एक भाकरी ओढून घेतली आणि मोडली. तेवढ्यात जमीन हादरली.

तो आवाज मी बोटं न घालता ऐकला. विहिरीतून दगड उडाले, आणि एक आमच्या डोक्यावरून जाऊन मागच्या कपाशीत पडला. धुळीने भाकऱ्या काळ्या झाल्या. आवाज विरला तरी कोणी जागचं हललं नाही. सुरुंगवाल्याच्या बोटांत विडी तशीच जळत होती. नवऱ्याच्या हातात अर्धी भाकरी होती आणि तो ती भाकरी बघत होता. मग त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याबद्दल मी काही लिहिणार नाही, ते माझं आहे.

बऱ्याच वेळाने माणसं उठली. विहिरीशेजारच्या इंजिनाच्या खोलीच्या पत्र्याला हातभर पोचा पडला होता आणि खाली टोपलीएवढा दगड. चौथ्या सुरुंगाने उडालेला तो दगड पत्र्यावर आदळला होता, आणि बांधामागे डोकं खाली घालून बसलेल्या सगळ्यांनी तो आवाज पाचवा म्हणून मोजला होता. आबांनी त्या पोच्यावरून हात फिरवला. मग ते सगळ्यांच्या मधे येऊन बसले. सुरुंगवाला, त्याची माणसं, मुलगा आणि मी, सगळे तिथेच होतो. ते सरळ म्हणाले, "मी चुकलो. पाच मीच म्हटले. पोराले मीच उतरवत व्हतो."

मी घाईने म्हणाले, "आबा, बठ्ठेच चुकले."

"बठ्ठ्याईचं बठ्ठे पाहून घेतील. मी माहं सांगतो." आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे चाळीस वर्षांत सासूबाईंनाही सांगितलं नव्हतं.

बेटावर सराव असायचा. एक बोट लांब दोराने एक तराफा ओढत न्यायची, तराफ्यावर लाल कापड लावलेलं. तोफेने नेम त्या कापडावर धरायचा. त्या दिवशी नेम धरणारे आबा होते. ऊन पाण्यावर चकाकत होतं, ताप नुकताच उतरलेला होता, आणि दुर्बिणीत जे हलताना दिसलं त्यावर त्यांनी नेम धरला. ती ओढणारी बोट होती. तिच्यावर सहा माणसं होती, आपलीच. गोळा भरला होता. "उडवा" एवढाच शब्द बाकी होता. तेव्हा नळी पुसणारा, सगळ्यांत खालचा, तो ओरडला, "थांब!" त्याने त्याआधी महिनाभरात दोनदा उगाच थांब म्हटलं होतं. त्याला भित्रा म्हणायचे. तरी साहेब थांबला, स्वतः दुर्बिणीला डोळा लावला, आणि काही न बोलता आबांना बाजूला केलं.

"मी त्याच्यासंगं बोललो नाही," आबा म्हणाले. "लाज वाटे. त्याचं तोंड दिसलं का ते सहा जन दिसत. वाटे, उद्या बोलू, परवा बोलू. महिन्यानं तो तापानं गेला. त्याची माती तिथंच." त्यांनी परत त्या पत्र्याकडे पाहिलं. "तो थांब म्हने म्हनून सहा जन घरी गेले. अन् मी बी घरी आलो, मानूस म्हनून. नाही तं मले कोन्त्या तोंडानं घर दिसलं असतं? गाव हासते ना, का आबानं एक बी मारला नाही. मले ते हासनं गोड लागते. त्याले सांगाचं राह्यलं. तुमाले सांगतो."

तेव्हा मला कळलं की घरातल्या त्या रीतीला आबा एवढे का चिकटून होते. बुजगावण्याच्या दिवशी ते का हसले नाहीत, तेही कळलं. मला तोवर वाटत होतं की आपण चुकलो असताना त्यांनी आपल्याला मोठ्या मनाने सांभाळून घेतलं. तसं नव्हतं. माझी उगाच मारलेली हाक त्यांना खरोखर मोलाची वाटली होती. त्या दिवशी तेही मला हसले असते, तर या दिवशी माझं तोंड उघडलं नसतं. तसंही ते दुसऱ्या पायरीपर्यंत उघडलं नव्हतंच. हे मी त्यांना तिथेच, सगळ्यांसमोर, रडत रडत सांगितलं, की मला आधीच माहीत होतं आणि मी गप्प बसले होते. आबा म्हणाले, "दुसऱ्या पायरीवर म्हने ना? मंग झालं."

सुरुंगवाल्याने उठून धुळीने माखलेली एक भाकरी झटकली आणि माझ्याकडून चटणी मागून घेतली. माफी मागायची ती त्याची पद्धत होती. मी त्याला चटणी थोडी जास्तच वाढली, तिखटही होती.

संध्याकाळी घरी आल्यावर मला वाटलं होतं की आता हे सुरुंगाचं प्रकरण थांबेल, निदान माझा नवरा तरी पहिला उतरायचा थांबेल. आबांनी दोन्हीही थांबवलं नाही. त्यांनी एकच गोष्ट बदलली. दुसऱ्या दिवशी दुपारी वाती पेटल्यावर सगळे बांधामागे बसले आणि आबा मला म्हणाले, "आज तू मोज. माहा कान आता कामाचा राह्यला नाही."

मी बादली दोन्ही पायांमध्ये धरली. कानांत बोटं घातली नाहीत. पाणी पाचदा शहारलं आणि प्रत्येक वेळी मी मोठ्याने आकडा म्हटला. पाचवा आकडा म्हटल्यावरही मी पाण्यावरची नजर काढली नाही, कारण आता मोजण्यात चूक झाली तर ती माझी होणार होती, दुसऱ्या कोणाची नाही. धूर निवळला. सुरुंगवाला आणि त्याची माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. माझा नवरा पहार घेऊन शिडीशी उभा होता. त्याने आबांकडे पाहिलं नाही. तोही माझ्याकडेच बघत होता.

लग्नाला वर्ष न झालेल्या सुनेच्या शब्दावर आपला एकुलता एक मुलगा सोडणारा सासरा मला मिळाला. त्यापुढे आयुष्यात मला खूप काही मिळालं, केळीची बाग, मुलं, नातवंडं, पण त्या दुपारी माझ्यावर जेवढा विश्वास टाकला गेला तेवढा पुन्हा कोणी टाकला नाही, आणि त्याचं ऋण मी आजही मानते. मी विहिरीकडे पाहिलं, एकदा बादलीकडे पाहिलं, आणि नवऱ्याला म्हणाले, "उतरा." तो उतरला.